डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा पोशाख

पिंपरी किंवा चाकण येथील कारखान्याची पाळी सुटली म्हणजे फाटकातून ज्या मुली बाहेर पडतात, त्यांच्या अंगात सदरा-पाटलोण व पायांत जाड बूट असतात. फिरत्या यंत्रापुढे सुटा पदर म्हणजे जिवाशी गाठ, हे कोणासही कळण्यासारखे आहे. तथापि रस्त्याकडेच्या दुकानांतून या वेषावर कधी कधी जे शेरे कानी येतात, त्यांनी आम्हांस आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. व ती आमच्या व्यापारी वाचकांस करून द्यावी असे वाटते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या घराण्यात झाला. वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि स्त्रियांस स्त्री-वैद्य हवी ही गोष्ट त्यांच्या मनाने तेव्हापासून घेतली. मुंबईस त्या शाळेत जाऊ लागल्या, त्या वेळी हातांत पुस्तके व पायांत बूटमोजे एवढाच त्यांचा अपराध होता. रस्त्यावर लोक भोवती जमत, ओसरीवर बसलेले प्रतिष्ठित गृहस्थ खडे मारीत, आणि दुकानदार त्यांना पाहून थुंकत. ही हकीकत त्यांनी स्वतः १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील सेरामपूर येथे जाहीर व्याख्यानात सांगितली. अमेरिकेस हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाहीही त्यांनी तेथेच दिली.

ही ग्वाही पाळावयाची कशी? अन्नाने आणि वस्त्राने. त्याच काळी कचेरीत जाणारे आमचे पुरुष पगडीखाली विलायती कोट चढवीत व बूट घालीत. त्यामुळे कोणाचा धर्म बुडाल्याचे आम्ही वाचलेले नाही. धर्माचे सारे ओझे मात्र अठरा वर्षांच्या मुलीच्या लुगड्यावर!

७ एप्रिल १८८३ रोजी त्या पतीवाचून कलकत्त्याहून बोटीत चढल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीप्रमाणे घरी ठेवून घेतले. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांचे नाव दाखल झाले. तेथील हिवाळ्यात नऊवारी लुगडे पुरेना. कासोट्याने पोटऱ्या उघड्या राहत. थंडी बोचे ती निराळी, आणि परक्या लोकांत संकोच वाटे तो निराळा. आनंदीबाईंनी झगा धरला नाही. गुजराती स्त्रियांप्रमाणे घोट्यापर्यंत पायघोळ साडी नेसण्याची रीत त्यांनी घेतली. देशाचा वेष सुटला नाही व अंगही झाकले गेले. याहून शहाणपणाची तडजोड आम्हांस तरी सुचत नाही. आणि ती कोणा शास्त्रीमंडळाने नव्हे, एका विद्यार्थिनीने आपल्या बुद्धीने केली.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी त्या विद्यालयात काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. साडी नेसलेल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लांबुली, अशा तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. तिघींचे शिक्षण एकच. वेषावरून विद्येचा अंदाज बांधणाऱ्यांनी ते चित्र अवश्य पाहावे.

११ मार्च १८८६ रोजी त्यांस एम. डी. ही पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण थंडी व न मानवणारे अन्न यांनी प्रकृती आधीच खालावली होती, आणि क्षयाने गाठले होते. परत आल्यावर त्यांच्या हातून ते काम सुरू झालेच नाही. पुणे येथे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला.

त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यात आली. न्यूयॉर्क संस्थानातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत, त्या घरच्याच माणसांच्या शेजारी, तिला जागा मिळाली.