स्पीकरच्या खोक्याला भोक का असतं? यामागचं गणित मांडणारा माणूस शिकून डॉक्टर झाला होता

घरातला मोठा स्पीकर वळवून बघा. बहुतेकदा पाठीवर एक गोल भोक आणि आत नळी दिसेल. काही स्पीकरना हे भोक पुढेच असतं. याला पोर्ट म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकाच सुरात घुमते, तसंच हे खोकंही घुमतं आणि बेस वाढतो. या घुमण्याला हर्मन हेल्महोल्ट्झ यांचं नाव आहे.

त्यांचा जन्म १८२१ चा, प्रशियातल्या पॉट्सडॅमचा. वडील शिक्षक. पोराला ओढ फिजिक्सची, पण तेवढा पैसा घरात नव्हता. डॉक्टरकी मात्र सरकारी खर्चाने शिकता यायची. अट एकच, नंतर सैन्यात नोकरी. हेल्महोल्ट्झ यांनी ती मान्य केली. सैन्यात डॉक्टर असतानाच, १८४७ मध्ये, त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी सैन्याने त्यांना मुदतीआधी मोकळं केलं.

नाइलाजाने शिकलेली डॉक्टरकी पुढे भलतीच कामी आली. बेडकाच्या नसेतून संदेश किती वेगाने जातो ते त्यांनी मोजलं. १८५१ मध्ये डोळ्याच्या आत बघायचं यंत्र जगापुढे आणलं. मग वळले कानाकडे.

एका आवाजात अनेक सूर मिसळलेले असतात, ते वेगळे कसे ऐकायचे? त्यांनी वेगवेगळ्या मापांचे पोकळ गोळे वापरले. एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला कानात बसेल असं टोक. प्रत्येक गोळा फक्त आपल्या सुराला घुमायचा. तो सूर ठरतो पोकळीचं आकारमान, तोंडाचं क्षेत्रफळ आणि नळीची लांबी यांवर. १८६३ च्या त्यांच्या ग्रंथात हे सगळं आलं.

गंमत म्हणजे, तोंड कुठल्या बाजूला आहे हे त्या गणितात नाहीच! म्हणून पोर्ट पुढे असो की मागे, खोक्याचा सूर साधारण तोच राहतो. फक्त मागचा पोर्ट भिंतीला चिकटवला तर हवेची वाट अडते आणि सूर खाली जातो. पुढच्या पोर्टमधली हवेची फुसफुस थेट कानावर येते, हा त्याचा तोटा.

१८९३ मध्ये अमेरिकेहून परतताना हेल्महोल्ट्झ जहाजाच्या जिन्यावरून पडले. ८ सप्टेंबर १८९४ ला त्यांचं निधन झालं. बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांनी पोर्टवाल्या खोक्याच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १९३० मध्ये, तब्बल ३६ वर्षांनी.