श्रीरामपूरची एक थैली

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला विल्यम कॅरी हे नाव एका ओळीपुरते ठाऊक असते. १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली कोश, की दोन गुणांचे उत्तर संपले! पण हे ग्रंथ जेथे छापले गेले त्या श्रीरामपूरची कथा ओळीत मावणारी नाही. (हे आपल्याकडचे साखर कारखान्यांचे श्रीरामपूर नव्हे, हे बंगालमधले, हुगळीच्या काठचे.)

कॅरींचा जन्म १७६१ साली इंग्लंडमध्ये एका विणकराच्या घरी झाला. जोडे शिवून पोट भरता भरता ते लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकले आणि पुढे बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. परदेशी जाऊन सुवार्ता सांगणे हे ख्रिस्ताच्या शिष्यांवर आजही बंधनकारक आहे, असे त्यांनी १७९२ साली एका पुस्तिकेत मांडले. त्याच वर्षी केटरिंग गावी मूठभर पाळकांनी संस्था काढली. पहिली वर्गणी जेमतेम तेरा पौंडांची! अँड्र्यू फुलर यांनी मायदेशी राहून पैसा उभा करण्याचे पत्करले आणि ते १८१५ साली मरेपर्यंत निभावले.

घरात मात्र हे स्वप्न एकट्या कॅरींचेच होते. पत्नी डोरोथी यांची हिंदुस्थानात येण्याची मुळीच इच्छा नव्हती. अगदी शेवटच्या घटकेला, १७९३ साली त्या कशाबशा निघाल्या. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर दगावला. डोरोथींच्या मनाचा तोल गेला, तो १८०७ साली मृत्यू येईपर्यंत सावरला नाही. कॅरींचे चरित्रकार येथून घाईने पुढे सरकतात. आपण तसे करू नये. ध्येय एकाचे आणि फरफट साऱ्या घराची, असे येथे घडले.

उत्तर बंगालमधील निळीच्या कारखान्यावर कॅरींनी काही वर्षे काढली. एकही बंगाली माणूस बाप्तिस्म्यासाठी पुढे आला नाही. १७९९ साली ब्रिस्टलचे शिक्षक जोशुआ मार्शमन व मुद्रक विल्यम वॉर्ड आले. कंपनी सरकारला मिशनरी नकोत, म्हणून ते डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपुरात उतरले. १८०० च्या जानेवारीत कॅरी त्यांना जाऊन मिळाले, आणि खरे काम तेथून सुरू झाले.

थैली एकच. फोर्ट विल्यम कॉलेजातला कॅरींचा पगार, मार्शमन पतिपत्नींच्या शाळांचे उत्पन्न, वॉर्ड यांच्या छापखान्याची कमाई, सारे तिच्यात जाई. प्रत्येक कुटुंबाला खर्चापुरते मिळे. जेवणाचे टेबल एक. शनिवारची संध्याकाळ आपसांतले रुसवेफुगवे मिटविण्यासाठी राखलेली! एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना या शनिवारचे मोल निराळे सांगायला नको. १८०५ साली त्यांनी आपली तत्त्वे लिहून काढली आणि ती वर्षातून तीनदा प्रत्येक ठाण्यावर वाचावी असे ठरविले.

या कामात पंचानन कर्मकारांसारखे अक्षरे कोरणारे कारागीर होते, मराठीसाठी वैजनाथ पंडित होते. ते काही धर्मांतर करून आलेले नव्हते. स्वप्नाचा एक वाटा त्यांच्याकडेही होता असे म्हणावे, की ती निव्वळ नोकरी होती? प्रस्तुत लेखकाला वाटते, थोडे दोन्ही.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कॅरींची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते राख झाली. कलकत्त्याला जाऊन ही वार्ता त्यांना सांगण्याचे काम मार्शमन यांनी केले. राखेत अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत सापडले. वॉर्ड यांनी लगेच टाइप ओतायला घेतले.

आगीने जे मोडले नाही ते पुढे माणसांनी मोडले. नवे तरुण मिशनरी आले, त्यांत कॅरींचा पुतण्याही होता. त्यांच्या हाती शिस्त आली; ज्या हालअपेष्टांतून ती उपजली होती त्या त्यांच्या वाट्याला आल्या नव्हत्या. ते वेगळे होऊन कलकत्त्यास गेले. फुलरनंतरच्या विलायतेतल्या समितीने मालमत्तेवर हक्क सांगितला. वॉर्ड १८२३ साली पटकीने वारले. १८२७ साली श्रीरामपूर व मूळ संस्था विभक्त झाली.

कॅरी ९ जून १८३४ रोजी गेले, मार्शमन १८३७ साली. तिघेही श्रीरामपुरात एकाच दफनभूमीत विसावले आहेत.