रोमचा घुमट आणि एक वृद्ध कारागीर

रोमला जाणाऱ्या प्रवाशाला शहरातल्या पुष्कळ टेकड्यांवरून एक मोठा घुमट दिसतो. तो सेंट पीटर या ख्रिस्ती देवालयाचा. देवालय ज्या व्हॅटिकनमध्ये उभे आहे ते १९२९ पासून निराळे राज्य आहे खरे, पण चारही बाजूंनी त्याला रोमनेच वेढले आहे. हा घुमट ज्याने कल्पिला तो मायकेल अँजेलो मूर्तिकार आणि चित्रकार म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आयुष्याची शेवटची सतरा वर्षे मात्र या बांधकामापायी गेली, आणि ती हकीगत फारशी सांगितली जात नाही.

त्याचा जन्म ६ मार्च १४७५ रोजी इटलीतील काप्रेसे गावी झाला. तो सहा वर्षांचा असताना आई वारली. त्याला दूध पाजणारी दाई दगड फोडणाऱ्यांच्या घरातली होती, म्हणून छिन्नी-हातोडा आपल्याला दुधातूनच मिळाला असे तो पुढे थट्टेने सांगे. पंचविशीच्या आत त्याने रोममध्ये मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मातेची मूर्ती घडवली. १५०४ मध्ये फ्लॉरेन्सला डेव्हिडचा पुतळा पुरा झाला आणि १५०८ ते १५१२ या काळात त्याने सिस्टाइन चॅपेलचे छत रंगवले. एका माणसाच्या नावाला एवढे पुरेसे होते.

सेंट पीटरच्या नव्या देवालयाची पायाभरणी १५०६ साली ब्रामांते या वास्तुकाराच्या आराखड्यावरून झाली होती. तो १५१४ मध्ये वारला. पुढे एकामागून एक वास्तुकार आले. कोणी आराखडा लांबवला, कोणी फिरवला. चाळीस वर्षांनंतरही मधल्या चार प्रचंड खांबांवर घुमट नव्हता. १५४६ मध्ये सांगालो हा मुख्य वास्तुकार मरण पावला आणि पोप तिसरा पॉल याने मायकेल अँजेलोला बोलावले. तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता. (निवृत्तीची वर्षे मोजणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा!) आपण वास्तुकार नव्हे, असे म्हणून त्याने आधी नकार दिला. शेवटी काम पत्करले, पण ईश्वरसेवा म्हणून, पगार न घेता.

पगार न घेणारा माणूस कोणाला भीत नाही. त्याने सांगालोच्या माणसांनी बांधलेला काही भाग सरळ पाडला, कारण त्यामुळे आत अंधार होत होता. इमारत आटोपशीर केली. वाईट चुना घेऊ दिला नाही. साहजिकच शत्रू वाढले. १५५१ मध्ये त्यांनी नव्या पोपकडे उजेड कमी पडेल अशी तक्रार केली. तेव्हा त्याने वरच्या कमानीत आणखी तीन खिडक्या येणार असल्याचे सांगितले आणि आपली योजना सर्वांना सांगत बसण्यास साफ नकार दिला.

माझ्या मते हाच त्याचा दोष. सगळी योजना आपल्याच डोक्यात ठेवली तर आपण नसताना कामाचे काय होणार? १५५७ मध्ये ते दिसलेच. म्हातारपणामुळे त्याला रोज बांधकामावर जाता येत नव्हते. देखरेख करणाऱ्याने एका कमानीखालचा लाकडी साचा चुकीचा केला आणि बांधलेले पुष्कळसे उतरवावे लागले. बावन्न नव्हे, ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस शरमेने खचला. फ्लॉरेन्सचा ड्यूक त्याला मायदेशी परत बोलावत होता. तो गेला नाही. कोणालाही बदलता येणार नाही इतके काम पुढे नेल्याशिवाय रोम सोडायचे नाही, हा त्याचा हट्ट होता. मित्रांच्या आग्रहावरून १५५८ ते १५६१ मध्ये त्याने घुमटाचा मोठा लाकडी नमुना करवला.

याच वयात त्याची इतर कामेही चालू होती. कॅपिटोल टेकडीवरचा चौक त्याच्याच आराखड्याचा; तिथली फरसबंदीची नक्षी मात्र १९४० साली पुरी झाली. सम्राट डायोक्लेशनच्या पुरातन स्नानगृहाचे त्याने देवालय केले, तेही प्राचीन कमानी न मोडता. रोमला जाल तर हे चुकवू नका, तिथे गर्दीही कमी असते.

१८ फेब्रुवारी १५६४ रोजी तो रोममध्ये वारला. पुतण्याने त्याचा देह व्यापारी मालासारखा बांधून गुपचूप फ्लॉरेन्सला नेला. तेव्हा घुमटाखालचा गोल कठडा जवळजवळ तयार होता, घुमट नव्हता. मग चोवीस वर्षे तसेच राहिले. १५८८ मध्ये जाकोमो देल्ला पोर्ता आणि दोमेनिको फोंताना यांनी काम हाती घेतले आणि १५९० मध्ये घुमट उभा राहिला. त्यांनी तो नमुन्यापेक्षा थोडा उंच केला, पण आत एक व बाहेर एक अशी दोन कवचे आणि सोळा फासळ्या ठेवल्या. आतला व्यास सुमारे ४२ मीटर आहे. वर चढणारा प्रवासी याच दोन कवचांमधल्या अरुंद वाटेने जातो. तिथे भिंत कलत जाते आणि माणसालाही तिच्याबरोबर कलून चालावे लागते.