जॉइसची मोठी अक्षरं

दोन महिन्यांपूर्वी माझ्या बाबांना काचबिंदू निघाला. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तपासायला गेलो, तर डोळ्यातला दाब वाढलेला आणि नस थोडी खराब झालेली. गेलेली नजर परत येत नाही, पण थेंब न चुकता घातले तर उरलेली बहुतेकांची टिकते, असं डॉक्टरांनी समजावलं. बाबांनी त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलं. घरी आल्यावर पेपर वाचणं बंद, संध्याकाळी फिरायला जाणं बंद.

त्याच आठवड्यात मी मंडळासाठी जेम्स जॉइसवर टिपण काढत होते आणि तिथं पुन्हा काचबिंदूच भेटला.

जॉइसचा जन्म 2 फेब्रुवारी 1882 चा, डब्लिनचा. शिक्षण बहुतेक जेझुइट पाद्र्यांकडे. नजर लहानपणापासून कमजोर. 1904 मध्ये तो नोरा बार्नेकलबरोबर आयर्लंड सोडून निघाला आणि त्रिएस्तमध्ये इंग्रजीच्या शिकवण्या करून संसार चालवू लागला. पहिलं महायुद्ध पेटल्यावर कुटुंब झुरिचला आलं. तिथं 1917 च्या ऑगस्टमध्ये, रस्त्यानं चालताना, त्याच्या उजव्या डोळ्यात भयंकर कळ उठली. काचबिंदूचा झटका होता तो. काही दिवसांतच शस्त्रक्रिया झाली. बुबुळातल्या रंगीत पडद्याचा छोटा तुकडा कापून आतल्या पाण्याला वाट करून दिली. त्या काळी हाच मोठा उपाय होता. जॉइस मनानं पार खचला.

तेव्हा तो पस्तिशीचा होता आणि ‘युलिसिस’ अर्धंही झालं नव्हतं.

इथून पुढचं आयुष्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डोळे वारंवार सुजायचे, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया व्हायच्या, डोळ्यावर काळी पट्टी असायची. जॉइस काही आदर्श पेशंट नव्हता. दारू त्यानं सोडली नाही. पण काम करायची पद्धत त्यानं बदलली. अक्षर मोठं केलं. जाड पेन्सिलीनं, रंगीत खडूनं तो टिपणं काढू लागला. दिसायचं नाही तेव्हा दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचा, तोंडी मजकूर सांगायचा. तरुण सॅम्युएल बेकेटनंही त्याचा मजकूर उतरवून घेतलाय. हॅरिएट शॉ वीव्हर या बाईंनी वर्षानुवर्षं पैसे पुरवले. पॅरिसमध्ये पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या सिल्व्हिया बीचनं 2 फेब्रुवारी 1922 ला, त्याच्या चाळिसाव्या वाढदिवशी, ‘युलिसिस’ छापून काढलं. त्यानंतर सतरा वर्षं खपून त्यानं ‘फिनेगन्स वेक’ पुरं केलं. ते 1939 मध्ये आलं. 13 जानेवारी 1941 ला झुरिचमध्येच तो गेला, तेही पोटाच्या दुखण्यानं. नजर अधू झाली होती, पूर्ण गेली नव्हती.

बाबांचा काचबिंदू वेगळा आहे. तो दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेनं गुपचूप नजर खातो. म्हणूनच तो लवकर सापडला हे आमचं नशीब. जॉइसला न मिळालेले थेंब आणि लेझर आज आहेत. तरी पहिल्या दिवसांतली भीती तीच असणार.

एका रात्री मी बाबांना ही गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाचं आपल्याला काय, असं त्यांना वाटलं असेल. पण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जाड मार्करनं थेंबांची वेळ लिहिलेली दिसली, हे एवढं मोठं अक्षर. आता थेंब आई घालते, पेपरमधला बारीक मजकूर मी वाचून दाखवते, आणि दिव्याखाली बसून मथळे ते स्वतः वाचतात. काकांनाही तपासून यायला सांगितलंय, कारण हा आजार घराण्यात असू शकतो. माझी तपासणी पुढच्या सोमवारी आहे.