मीराबेन
मीराबेन (मूळ नाव: मॅडेलिन स्लेड, जन्म: २२ नोव्हेंबर १८९२, इंग्लंड, मृत्यू: २० जुलै १९८२, ऑस्ट्रिया) या महात्मा गांधींच्या ब्रिटिश शिष्या आणि भारतीय स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्त्या होत्या. विदर्भात वर्ध्याजवळ असलेल्या सेवाग्राम आश्रमातील आदिनिवास आणि बापूकुटी या मातीच्या वास्तूंच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. हिमालयातील वनांच्या ऱ्हासाकडे स्वतंत्र भारतात प्रथम लक्ष वेधणाऱ्या व्यक्तींमध्येही त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य
मॅडेलिन यांचे वडील सर एडमंड स्लेड हे ब्रिटिश आरमारात उच्चाधिकारी होते. त्यांची नेमणूक ईस्ट इंडीज विभागावर झाली असताना मॅडेलिन यांनी काही काळ मुंबईत वास्तव्य केले. मात्र सामान्य भारतीय जीवनाशी त्यांचा तेव्हा संबंध आला नाही. बेथोव्हेनच्या संगीताच्या ओढीमुळे त्यांची फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्याशी भेट झाली. रोलाँ यांनी लिहिलेले गांधीचरित्र वाचून त्यांनी गांधींकडे जाण्याचा निश्चय केला. वर्षभर सूतकताई, शाकाहार व जमिनीवर बसण्या-झोपण्याचा सराव करून त्या नोव्हेंबर १९२५ मध्ये साबरमती आश्रमात दाखल झाल्या. गांधींनी त्यांना मीरा हे नाव दिले.

सेगाव
१९३०च्या दशकाच्या मध्यास गांधींनी ग्रामोद्योगांवर भर दिला. खेड्यात राहून काम करण्यासाठी मीराबेन वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवरील सेगाव येथे गेल्या. जमनालाल बजाज यांची तेथे जमीन होती. गावात धड रस्ता नव्हता आणि हिवताप नेहमीचा होता. ग्रामसफाई व आरोग्य ही त्यांची पहिली कामे होती.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधी सेगावात आले. आपले घर स्थानिक साहित्यातून, गावातल्याच कारागिरांच्या हातून आणि अल्प खर्चात बांधले जावे, अशी त्यांची अट होती. या अटीनुसार आदिनिवास ही आश्रमातील पहिली वास्तू उभी राहिली. सेगावचे नाव १९४०मध्ये सेवाग्राम झाले.

बापूकुटी
बापूकुटी ही मुळात मीराबेन यांनी स्वतःच्या निवासासाठी आणि ग्रामस्थांना पिंजण व कताई शिकवण्यासाठी बांधलेली झोपडी होय. आदिनिवासात गर्दी वाढल्यावर गांधी येथे राहावयास आले व गरजेनुसार तिच्यात भर घालण्यात आली.

भिंतींसाठी माती व बांबू, आधाराला लाकडी खांब, वर गावठी कवेलू आणि खाली शेणाने सारवलेली जमीन, अशी या घराची रचना आहे. ही सामग्री परिसरातील शेतकऱ्यांच्या घरांतही वापरली जात असे. विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. मातीची भिंत उष्णता सावकाश आत येऊ देते, तर खाली उतरलेले छप्पर आणि ओसरी यांमुळे भिंतींचे ऊन व पाऊस यांपासून रक्षण होते. भिंतींवर मीराबेन यांनी मातीतच ताडाची झाडे, चरखा व ॐ ही उठावचित्रे काढली.

अशा घराला सतत देखभाल लागते. भिंती पुन्हा पुन्हा लिंपाव्या लागतात, पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारावे लागते आणि लाकडाला वाळवीपासून जपावे लागते. मात्र दुरुस्तीचे साहित्य व कौशल्य गावातच उपलब्ध असते आणि घर पडले तरी त्याची माती पुन्हा मातीत मिसळते.

हिमालयातील कार्य
१९४२च्या आंदोलनात मीराबेन यांना गांधी व कस्तुरबा यांच्यासमवेत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. सुटकेनंतर त्यांनी हरिद्वारजवळ किसान आश्रम आणि हृषीकेशजवळ पशुलोक या संस्था उभारल्या. १९५०च्या दशकात त्या गढवालमधील भिलंगणा खोऱ्यात राहिल्या.

गंगेला येणाऱ्या पुरांची कारणे शोधताना डोंगरउतारांवरील बांज (ओक) कमी होऊन त्याच्या जागी चीड वाढत असल्याचे त्यांनी पाहिले. बांजाच्या पालापाचोळ्यामुळे जमिनीत पाणी मुरते व जनावरांना चारा मिळतो. चिडीच्या सुयांखाली असे आच्छादन तयार होत नाही. या बदलाला त्यांनी वनखात्याचे व्यापारी लाकूड व राळेसाठी चिडीला प्राधान्य देणारे धोरण कारणीभूत धरले; चाऱ्यासाठी ग्रामस्थांकडून होणारी बांजाची बेसुमार छाटणीही त्यांनी दुर्लक्षिली नाही. शासनाकडून त्यांच्या सूचनांना अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. दोन दशकांनंतर गढवालमध्येच चिपको आंदोलन उभे राहिले.

अखेरची वर्षे
१९५९मध्ये मीराबेन यांनी भारत सोडला आणि पुढे त्या व्हिएन्नाजवळ स्थायिक झाल्या. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९६०मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा सन्मान दिला.

वारसा
१९७८मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी सेवाग्राम येथील भाषणात बापूकुटीच्या आधारे घर आणि निव्वळ निवारा यांतील फरकाची चर्चा केली. जवळच्या साहित्यातून घर बांधण्याच्या गांधींच्या आग्रहाचा प्रभाव वास्तुविशारद लॉरी बेकर यांनीही मान्य केला होता. आश्रमाला भेट देणाऱ्यांमध्ये बापूकुटी गांधींचे निवासस्थान म्हणून ओळखली जाते. ती मूळची मीराबेन यांची झोपडी असल्याचे तुलनेने कमी जणांना ठाऊक असते.