नीरेच्या वाटेने : कमलाबाई सोहोनी

सौंसर-पांढुर्ण्याच्या शिवारात शिंदीची झाडे पाहत मी वाढलो. ज्या छिंदवाड्यातून २०२३ साली आमचा पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, त्याचे नावही छिंद म्हणजे शिंदीवरूनच पडल्याचे सांगतात. पहाटे काढलेली नीरा ऊन चढताच आंबते. ही करणी यीस्टची, हे महाविद्यालयात कळले आणि त्या ओघात कमलाबाईंचे चरित्र हाती आले.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, केवळ स्त्री म्हणून, तो नाकारला. त्यांनी माघार घेतली नाही. अखेर एका वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी असे काम केले की रामन यांचे मत पालटले व पुढे इतर मुलींनाही तेथे दार उघडले.

नंतर त्या केंब्रिजला गेल्या. तेथेच १९२५ साली केलिन यांनी यीस्टमध्ये सायटोक्रोम ही श्वसनाची प्रथिने दाखवली होती. मायटोकॉण्ड्रियाच्या आतील पटलाशी ती निगडित असतात. वनस्पतींच्या पेशीतही सायटोक्रोम सी असते, हे कमलाबाईंनी बटाट्यावरील कामातून दाखवले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली.

ही प्रथिने यीस्टमध्ये किती असावीत, हे अन्न ठरवते, असे पुढील संशोधनाने सिद्ध केले. साखर मुबलक असली की हवा असूनही यीस्ट ती फारशी बनवीत नाही. साखर आंबवून मद्यार्क करते. साखर सरली की तोच मद्यार्क वापरण्यासाठी ही प्रथिने भराभर तयार होतात.

मायदेशी परतून दिल्ली, कुन्नूर व १९४७ नंतर मुंबई येथे कमलाबाईंनी माणसाच्या पोषणाचा ध्यास घेतला. न आंबलेली नीरा कुपोषित मुलांना व गर्भवतींना उपकारक ठरते, हे त्यांनी दाखवले. त्यासाठी राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. १९९८ साली त्या निवर्तल्या.

ती एका वर्षाची अट आज कोणत्याही कागदावर नाही. तरी गावच्या शाळेत माझ्यापुढे असणाऱ्या कित्येक हुशार मुली बारावीनंतर कोणत्याच वर्गात दिसल्या नाहीत. त्यांना अट कोणी घातली? कमलाबाईंचे चरित्र मिटताना हा प्रश्न मला स्वतःलाच विचारावा लागला.