निखाऱ्यांनी तोंड भाजलं तरी उजेडाचं वेड सुटलं नाही, त्याच लुई कानने सावलीची घरं बांधली

फ्लॅट बघायला गेलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. कार्पेट एरिया किती, पार्किंग आहे का, पाणी किती वेळ येतं. सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं आणि दुपारी कुठली भिंत तापते, हे फार थोडे लोक विचारतात. मग राहायला गेल्यावर कळतं की भर दुपारी एका खोलीत ट्यूबलाइट लावावी लागते आणि दुसऱ्या खोलीत पडदे ओढून बसावं लागतं.

एक माणूस मात्र आधी उजेड कुठून येणार ते बघायचा आणि मग भिंत कुठे घालायची ते ठरवायचा. त्याचं नाव लुई कान. अहमदाबादच्या आयआयएममधल्या मोठ्ठाल्या गोल खिडक्यांच्या विटांच्या इमारती तुम्ही फोटोत नक्की पाहिल्या असतील. त्या याच माणसाच्या.

कानचा जन्म १९०१ चा. तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या एस्टोनियातलं एक गरीब ज्यू कुटुंब. पोरगा तीन वर्षांचा असताना चुलीतल्या निखाऱ्यांच्या उजेडाकडे बघतच राहिला. तो उजेड जवळ हवा म्हणून त्याने निखारे उचलले आणि अंगावरच्या एप्रनमध्ये ठेवले. भडका उडाला. तोंड आणि हात भाजले. जीव वाचला, पण चेहऱ्यावरचे व्रण जन्मभर राहिले.

१९०६ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेलं. तिथेही गरिबी होतीच. पोरगा चित्रं छान काढायचा, पियानो वाजवायचा. मूकपटाच्या थिएटरमध्ये पडद्यासमोर पियानो वाजवून त्याने घराला चार पैसे मिळवून दिले. १९२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून तो आर्किटेक्ट होऊन बाहेर पडला. पण पुढे लगेच महामंदी आली, कामं आटली. १९३० मध्ये लग्न झालं आणि हा गडी बायकोच्या आईवडिलांच्या घरी राहिला. थोडेथोडके दिवस नाही, कित्येक वर्षं. आपल्याकडे ज्याला घरजावई म्हणतात तसंच ते.

खरं नाव झालं ते पन्नाशी ओलांडल्यावर. १९५० च्या सुमारास काही महिने तो रोमला होता. इटली, ग्रीस आणि इजिप्तमधली जुनी बांधकामं त्याने तेव्हा पाहिली. त्या जाडजूड भिंती आणि त्यांच्यावर सरकणारं ऊन त्याच्या डोक्यात बसलं. परत आल्यावर त्याच्या कामाची तऱ्हाच बदलली.

त्याचं म्हणणं साधं होतं. खोलीत नैसर्गिक उजेड नसेल तर ती खोलीच नव्हे. पण नुसती मोठी काच लावली म्हणजे काम झालं, असंही नाही. सगळीकडे सारखाच उजेड पडला तर खोली सपाट दिसते. उजेडाला सावलीची जोड मिळाली तरच तो जाणवतो.

हे सगळं नीट कळतं ते त्याच्या एका छोट्या घरात. एका पुस्तकविक्रेत्या बाईसाठी त्याने फिलाडेल्फियात एशेरिक हाऊस बांधलं, ते १९६१ मध्ये पूर्ण झालं. आपली नेहमीची खिडकी तीन कामं करते. ती उजेड देते, हवा देते आणि बाहेरचं दाखवते. कानने ही कामं वेगळी केली. बाहेर बघायला आणि उजेडासाठी न उघडणारी काच, तर हवेसाठी बाजूला खोल कोनाड्यात लाकडी झडपा. रस्त्याच्या बाजूला अरुंद खिडक्या, बागेच्या बाजूला मोठ्या काचा. झडपा लावल्या की घर गुपचूप, उघडल्या की मोकळं. दिवसभरात कुठली झडप उघडायची ते घरात राहणाऱ्यानेच ठरवायचं. दुर्दैव असं की त्या बाईंना हे सुख फार काळ लाभलं नाही. राहायला आल्यावर थोड्याच काळात त्या गेल्या.

दुसरं घर फिशर दांपत्याचं, फिलाडेल्फियाजवळच्या हॅटबरो गावातलं. त्याला सात वर्षं लागली, १९६७ उजाडलं. दोन लाकडी चौकोनी ठोकळे एकमेकांना तिरके चिकटवल्यासारखं हे घर दिसतं. आत दगडी शेगडी आणि तिच्याजवळ खोल खिडकीतच बसायला लाकडी बाक. कवडसा सरकत जातो तशी बसायची जागा बदलते. फिशर दांपत्य त्या घरात कित्येक दशकं राहिलं.

आता प्रश्न येतो आपल्यासारख्या उन्हाचा. फिलाडेल्फियात उजेड हवाहवासा वाटतो, पण एप्रिल-मे महिन्यातल्या अहमदाबादेत काय करायचं?

याचं उत्तर कानला आफ्रिकेत सापडलं होतं. अंगोलातल्या लुआंडा शहरात अमेरिकन वाणिज्य दूतावासाचं काम आलं म्हणून तो तिथे गेला. तिथे त्याने पाहिलं की खिडकीबाहेरचं ऊन इतकं प्रखर आहे की शेजारची आतली भिंत काळीकुट्ट वाटते आणि डोळ्यांना त्रास होतो. मग त्याला सुचलं, खिडकीसमोर थोडं अंतर सोडून आणखी एक भिंत उभी करायची, तिला मोठी भोकं ठेवायची. ऊन बाहेरच्या भिंतीवर आदळेल आणि आत येईल तो निवलेला उजेड. तो वाणिज्य दूतावास काही झाला नाही, पण कल्पना राहिली.

१९६२ मध्ये बाळकृष्ण दोशींच्या पुढाकाराने कान अहमदाबादला आला आणि ही कल्पना विटांमध्ये उतरली. बाहेर मोठे गोल आणि कमानी, मग खोल व्हरांडा, मग खोली. आपल्या जुन्या घरांची पडवी तरी दुसरं काय करते? ऊन दारातच अडवते आणि घराला गारवा देते. पुढे ढाक्याच्या संसद भवनातही त्याने हाच मार्ग धरला.

पण ज्याने इतरांना असा उजेड दिला, त्याच्या घरात मात्र बऱ्याच गोष्टी अंधारात होत्या. तीन स्त्रियांपासून त्याला तीन मुलं. धाकट्या मुलाला बाप अधूनमधून भेटायचा तेवढाच. १७ मार्च १९७४ ला अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर हृदयविकाराच्या झटक्याने कान गेला. वय ७३. पासपोर्टवरचा पत्ता त्याने खोडलेला होता, त्यामुळे घरच्यांना कळायला दोन दिवस लागले. ऑफिसवर लाखो डॉलरचं कर्ज होतं. त्याच्या त्याच धाकट्या मुलाने, नॅथॅनिएलने, पुढे बापाला शोधत २००३ मध्ये ‘माय आर्किटेक्ट’ हा माहितीपट केला आणि तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.

अहमदाबादच्या इमारतींची गोष्ट अजून संपलेली नाही. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने कानच्या १८ वसतिगृहांपैकी १४ पाडायचं ठरवलं. जगभरातून विरोध झाला आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. २०२२ मध्ये विटा-काँक्रीट खराब झाल्याचं आणि सुरक्षिततेचं कारण देत पुन्हा नव्याने बांधायचा विषय निघाला. पडक्या भिंतीखाली पोरांना ठेवता येत नाही, हे खरंच आहे. पण भिंत नवी बांधली तरी तिच्या आत उतरणारी सावली तशीच ठेवता येईल का, हा वादाचा मुद्दा आहे.

आपल्याला काही आयआयएम बांधायचं नाही. पण पुढच्या वेळी घर बघायला जाल तेव्हा एकदा सकाळी जा आणि एकदा दुपारी तीनला जा. पश्चिमेच्या खिडकीसमोर बाल्कनी किंवा खोल छज्जा आहे का ते बघा. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये हे कुठेच छापलेलं नसतं.